सागवानाच्या ओंडक्यांपासून डिफर्ड टॅक्सपर्यंत

एकाहून अधिक देशांत व्यवसाय करणाऱ्या कंपनीला आयकराचा हिशेब मांडताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. उत्पन्न कोणत्या देशात झाले, ते कोणत्या वर्षाचे, आणि त्यावरचा कर वहीत केव्हा व किती दाखवायचा. हे तीन प्रश्न भारतात मुंबईच्या व्यापारी पेढ्यांना मोठ्या प्रमाणावर भेडसावले. त्यांची उत्तरे एकदम मिळाली नाहीत. लढाई, न्यायालयीन खटले, कायद्यातील दुरुस्त्या आणि लेखामानके यांतून ती सुमारे दीडशे वर्षांत घडत गेली. या इतिहासाच्या दोन टोकांच्या खुणा रत्नागिरीत जवळजवळ आहेत. एक खूण म्हणजे शहरातील थिबा राजवाडा. दुसरी म्हणजे पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावर रनपार येथे उभा असलेला पीव्हीसीचा कारखाना. पहिली खूण एका कंपनीच्या हिशेबावरून झालेल्या वादाची आहे. दुसरीच्या आधारे आजच्या हिशेबाची पद्धत समजून घेता येते.

वॉलेस पेढी आणि ब्रह्मदेशचे सागवान

वॉलेस हे स्कॉटिश व्यापारी कुटुंब. त्यांची वॉलेस अँड कंपनी ही पेढी 1848 पासून मुंबईत काम करीत होती. लंडनमध्ये वॉलेस ब्रदर्स ही भगिनी पेढी 1862 मध्ये सुरू झाली. ब्रह्मदेशातील सागवानाचा व्यापार सांभाळण्यासाठी 1863 मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाले. भांडवल मुंबई आणि लंडनचे, जंगले ब्रह्मदेशच्या राजाची, बाजारपेठ भारत आणि युरोपातली, अशी ही रचना होती. आजच्या भाषेत तिला बहुराष्ट्रीय कंपनी म्हणावे लागेल.

उत्तर ब्रह्मदेशात मंडालेच्या राजाचे राज्य होते. निंग्यान भागातील जंगले कंपनीने कराराने घेतली होती आणि तोडलेल्या सागवानाबद्दल ती राजाच्या खजिन्यात रक्कम भरत असे. हा आयकर नव्हे. पण राज्याचा वाटा किती हे कंपनीच्याच नोंदींवरून ठरायचे, हा पुढच्या आयकराचा मूळ प्रश्न येथेही होताच. तोडलेले ओंडके नदीतून वाहत ब्रिटिश हद्दीतील टाँगू येथे येत आणि तेथे ब्रिटिश वनखाते त्यांची मोजणी करी. कंपनीने राजाला दाखवलेला आकडा आणि टाँगूच्या चौकीवर नोंदला गेलेला आकडा यांत मोठी तफावत असल्याचा आरोप मंडालेच्या दरबाराने केला. ऑगस्ट 1885 मध्ये मंत्रिमंडळाने, म्हणजे हलुतडॉने, कंपनीला 23 लाख रुपयांहून अधिक रक्कम भरण्याचा हुकूम दिला.

या निकालाचे महत्त्व रकमेपुरते नाही. एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या हद्दीतील नोंद पुरावा म्हणून वापरली आणि कंपनीचा हिशेब तपासला. आज करखाती एकमेकांना माहिती देतात, तिचा हा फार जुना अवतार होता. मात्र निकाल अमलात आणण्याची ताकद मंडालेकडे नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी ऑक्टोबर 1885 मध्ये निर्वाणीचा खलिता पाठवला, नोव्हेंबरात तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध झाले आणि महिना संपण्यापूर्वी मंडाले पडले. युद्धामागे फ्रान्सच्या वाढत्या प्रभावाची भीती आणि व्यापारी हितसंबंध होते. कंपनीचा खटला हे तात्कालिक निमित्त ठरले. 1 जानेवारी 1886 रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला. मंडालेच्या थिबा राजाला आधी मद्रासला आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. त्यांच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात ते 1910 च्या सुमारास राहायला गेले आणि डिसेंबर 1916 मध्ये रत्नागिरीतच त्यांचे निधन झाले. कंपनीचा हिशेब तपासणारा राजा कोकणात नजरकैदेत राहिला आणि कंपनीची सागवानाची तोड पुढे कित्येक दशके चालू राहिली.

1886 चा कायदा आणि पावसची बाग

भारतात आयकर प्रथम 1860 मध्ये आला. 1857 च्या उठावाने रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. 1865 मध्ये तो बंद झाला आणि पुढची वीस वर्षे परवाना कर, प्रमाणपत्र कर, पुन्हा आयकर अशी धरसोड झाली. थिबा राजा रत्नागिरीत आला त्याच 1886 साली नवा आयकर कायदा झाला आणि त्यानंतर भारतातून आयकर कधीच गेला नाही. या कायद्याने उत्पन्नाचे चार वर्ग केले : पगार, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरील व्याज आणि इतर उत्पन्न. कंपनीच्या नफ्याला स्वतंत्र वर्ग मिळाल्याने कंपनीची वही हीच कर आकारणीचा पाया बनली.

याच कायद्याने शेतीचे उत्पन्न आयकरातून वगळले. शेतजमिनीवर महसूल आकारला जातच होता, हे त्यामागचे मुख्य कारण. ही सूट आजही टिकून आहे. पावसच्या परिसरात हापूसच्या बागेतून आंबा विकून येणारे उत्पन्न तिच्यामुळे करमुक्त राहते. पण तोच आंबा मालकाच्याच कारखान्यात रस काढून डबाबंद झाला, तर उत्पन्नाचे दोन भाग करावे लागतात. 1962 च्या आयकर नियमांतील नियम 7 ने घालून दिलेल्या रीतीनुसार कारखान्यात वापरलेल्या स्वतःच्या आंब्याची बाजारभावाने होणारी किंमत शेतीच्या बाजूला जाते आणि प्रक्रियेतून मिळालेला नफा करपात्र ठरतो. चहाबाबत नियम 8 ने प्रमाणच ठरवून दिले : 40 टक्के उत्पन्न धंद्याचे, 60 टक्के शेतीचे. दक्षिण भारतात चहामळ्यांकडे वळलेल्या बॉम्बे बर्मा कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांना हीच विभागणी लागू होते.

लेखाशास्त्रात अशा फरकाला कायमचा फरक म्हणतात. वहीत नफा दिसतो, पण त्यावर कर कधीच लागत नाही. त्यामुळे नफ्याच्या प्रमाणात भरलेला कर हा कायद्यातील दरापेक्षा कमी दिसतो. हा फरक कशामुळे पडला हे आज प्रत्येक मोठ्या कंपनीला टिपणीत ओळीओळीने दाखवावे लागते.

नफा कोणत्या देशाचा

1918 आणि 1922 च्या कायद्यांनी आयकराची चौकट पक्की केली. परदेशात चालणाऱ्या व्यवसायाचा नफा त्या काळी मुख्यतः भारतात आणला तरच करपात्र ठरे. कंपन्यांना याचा सरळ फायदा होता. नफा लंडनला ठेवला की येथील कर लांबत असे. ब्रिटन आणि भारत या दोन्ही ठिकाणी कर भरावा लागल्यास 1922 च्या कायद्यातील कलम 49 नुसार सवलत मिळे.

1 एप्रिल 1937 रोजी ब्रह्मदेश ब्रिटिश भारतापासून वेगळा झाला. आदल्या दिवसापर्यंत मुंबई आणि रंगून एकाच आयकर कायद्याखाली होते. आता ते दोन करक्षेत्रे झाले. दुहेरी कर टाळण्यासाठी 1936 मध्येच भारत-ब्रह्मदेश आयकर सवलतीचा आदेश काढण्यात आला होता. ज्या कंपनीचे कार्यालय मुंबईत आणि जंगले ब्रह्मदेशात, तिला एकाच धंद्याचे दोन कर हिशेब मांडावे लागू लागले.

त्यानंतर 1939 ची दुरुस्ती आली. तिने रहिवासी करदात्याच्या जगभरातील उत्पन्नावर कर लावण्याचे तत्त्व आणले. कंपनीचे नियंत्रण परदेशात असले, तरी ब्रिटिश भारतातील उत्पन्न बाहेरच्या उत्पन्नापेक्षा जास्त असेल तर ती येथील रहिवासी मानली जाणार होती. या तरतुदीला आव्हान दिले ते वॉलेस ब्रदर्सनेच. कंपनीची नोंदणी आणि नियंत्रण लंडनला. मुंबईच्या वॉलेस अँड कंपनीत तिची भागीदारी. 1939-40 च्या आकारणीत तिला रहिवासी ठरवून तिच्या एकूण उत्पन्नावर कर लावला गेला. भारताबाहेरच्या उत्पन्नावर येथील कायद्याला हात घालता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. 1948 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते फेटाळले. कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग ज्या देशातून येतो त्याचा तिच्याशी पुरेसा संबंध असतो आणि तेवढ्यावर कर लावता येतो, असा हा निकाल होता.

1885 मध्ये मंडालेच्या दरबाराला जे साधले नाही ते 1948 मध्ये कायद्याने साधले. त्याच व्यापारी घराण्याची वही एका सरकारने उघडली आणि या वेळी सरकारचे म्हणणे टिकले. भारतीय करकायद्यात प्रादेशिक संबंधाच्या तत्त्वावर चर्चा निघते तेव्हा या खटल्याचा आजही दाखला दिला जातो.

कर केव्हाचा : डिफर्ड टॅक्स

कोणता देश हा प्रश्न मार्गी लागल्यावर कोणते वर्ष हा प्रश्न पुढे आला. जुन्या ताळेबंदांत कर बहुधा नफ्याच्या वाटपाचा भाग समजला जाई. नफा आधी, त्यातून लाभांश, राखीव निधी आणि कर. हळूहळू कर हा इतर खर्चांसारखाच खर्च आहे, हे मत रुजले. मग अडचण दिसली : कंपनीच्या वहीतला नफा आणि आयकर कायद्यातला नफा वेगवेगळ्या वर्षांत पडतो.

रनपारचा कारखाना येथे उदाहरण म्हणून घेता येतो. फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा हा पीव्हीसी प्रकल्प 1990 च्या दशकात सुरू झाला. कच्चा माल जहाजाने आणण्यासाठी कंपनीची स्वतःची जेटी आहे. कंपनी बहुराष्ट्रीय नाही. पण यंत्रसामग्रीत मोठे भांडवल गुंतलेल्या अशा उद्योगातच या फरकाचे स्वरूप सर्वांत स्पष्ट होते. केवळ समजण्यासाठी पुढील आकडे घेऊ. 100 कोटी रुपयांची यंत्रे 25 वर्षे चालणार असतील, तर वहीत दरवर्षी 4 कोटी घसारा पडतो. आयकर कायदा यंत्रसामग्रीवर साधारणपणे घटत्या मूल्याच्या 15 टक्के घसारा देतो, म्हणजे पहिल्या वर्षी 15 कोटी. करासाठी दाखवलेला नफा वहीतल्या नफ्यापेक्षा 11 कोटींनी कमी होतो आणि त्या वर्षी कर कमी भरावा लागतो. पण ही सूट कायमची नाही. पुढच्या वर्षांत कायद्यातला घसारा आटतो, वहीतला तसाच राहतो आणि वाचलेला कर भरण्याची वेळ येते. 25.17 टक्के दराने 11 कोटींवर सुमारे 2.77 कोटी रुपये कर होतो. ही रक्कम पहिल्याच वर्षी खर्चात धरून ताळेबंदात देणे म्हणून दाखवणे, हाच डिफर्ड टॅक्स. उलट बाजूनेही तो येतो : मागील तोटा पुढच्या नफ्यातून वजा होणार असेल, तर त्यातून वाचणारा कर मालमत्ता म्हणून दाखवता येतो. मात्र तेवढा नफा होईल याची खात्री पटवावी लागते.

अमेरिकेत 1967 च्या नियमाने ही पद्धत सक्तीची केली. आंतरराष्ट्रीय लेखामानक 12 हे 1979 मध्ये आले आणि 1996 मध्ये बदलले. भारतात सनदी लेखापालांच्या संस्थेने 2001 मध्ये लेखामानक 22 काढले आणि 1 एप्रिल 2001 पासून, शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांपासून सुरुवात करून, ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. अनेक कंपन्यांच्या नफ्यात एकदम घट दिसली आणि मानकाला न्यायालयात आव्हान मिळाले. 2007 मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानक वैध ठरवले. पुढे आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळणारे भारतीय लेखामानक 12 मोठ्या कंपन्यांना 1 एप्रिल 2016 पासून लागू झाले. जुने मानक दोन नफ्यांतील फरक पाहत असे. नवे मानक ताळेबंदातील प्रत्येक मालमत्तेचे व देण्याचे वहीतले मूल्य आणि करासाठीचे मूल्य यांची तुलना करते. त्यामुळे कंपनी विकत घेताना वाढवून धरलेल्या मालमत्ता, परदेशी चलनातील फरक, उपकंपनीचा न वाटलेला नफा, असे बरेच काही हिशेबात आले.

उपकंपनीच्या नफ्याचा नियम बहुराष्ट्रीय कंपनीसाठी विशेष महत्त्वाचा. परदेशातील उपकंपनीने नफा तिथेच ठेवला, तर तो मूळ कंपनीकडे लाभांश म्हणून येताना कर लागू शकतो. लाभांश केव्हा घ्यायचा हे मूळ कंपनीच्या हाती असेल आणि नजीकच्या काळात तो घेण्याचा विचार नसेल, तर हा भावी कर नोंदवावा लागत नाही; पण अशा न वाटलेल्या नफ्याशी निगडित फरकाची रक्कम टिपणीत उघड करावी लागते.

गोव्यात जाहीर झालेला दर

डिफर्ड टॅक्स भविष्यात भरायच्या कराच्या दराने मोजला जातो. म्हणून दर बदलला की सगळी जुनी बाकी नव्याने मोजावी लागते. 20 सप्टेंबर 2019 रोजी पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीपूर्वी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी देशी कंपन्यांसाठी 22 टक्के दराचा पर्याय जाहीर केला आणि त्याच दिवशी अध्यादेश निघाला. अधिभार व उपकरासह हा दर 25.17 टक्के होतो. मोठ्या कंपन्यांचा आधीचा दर 34.94 टक्के होता. वरच्या उदाहरणातील 11 कोटींवरचे देणे जुन्या दराने 3.84 कोटी असते, नव्या दराने 2.77 कोटी. हा 1.07 कोटींचा फरक एकाच तिमाहीत नफ्यात जमा होतो. ज्यांच्या ताळेबंदात करमालमत्ता होती त्यांना उलट तोटा नोंदवावा लागला. शिवाय पुस्तकी नफ्यावर आकारल्या जाणाऱ्या किमान पर्यायी कराची साठलेली पत नव्या पर्यायात वापरता येत नसल्याने अनेक कंपन्यांनी जुन्या दरातच राहून ती आधी संपवली. त्यामुळे कोणती कंपनी केव्हा नव्या दराला गेली हे तिच्या कर टिपणीवरून कळते.

परदेशी उपकंपन्यांबाबत हेच काम प्रत्येक देशाच्या दराने करावे लागते. मुंबईच्या टाटा मोटर्सने 2008 मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली. ब्रिटनने 2021 मध्ये कंपनी कर 19 वरून 25 टक्के करण्याचा कायदा केला. दर प्रत्यक्षात 2023 पासून लागू झाला, पण कायदा होताच तेथील उपकंपनीची बाकी नव्या दराने मोजावी लागली.

वादातील कर

मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यातील व्यवहारांत किंमत फुगवून किंवा दाबून नफा कमी दराच्या देशात नेता येतो. त्यावर उपाय म्हणून 2001 च्या वित्त कायद्याने ट्रान्सफर प्रायसिंगची कलमे आणली. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन व्यापाऱ्यांत जी किंमत ठरली असती तीच धरायची, हे त्याचे सूत्र. 2012 पासून अशी किंमत करखात्याशी आधीच करार करून ठरवण्याची सोय झाली. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये व्होडाफोन आणि शेल यांच्या प्रकरणांत, उपकंपनीने मूळ कंपनीला समभाग कमी किमतीला दिले एवढ्यावरून उत्पन्न निर्माण होत नाही, असे ठरवले. केंद्र सरकारने व्होडाफोनच्या निकालाविरुद्ध अपील केले नाही.

याआधीचा व्होडाफोनचा खटला अधिक गाजला. 2007 मध्ये व्होडाफोनने केमन बेटांवरील एक कंपनी सुमारे 11 अब्ज डॉलरना घेतली आणि तिच्यामार्फत मुंबईतील हचिसन एस्सारचे नियंत्रण मिळवले. करखात्याने व्होडाफोनकडे कराची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2010 मध्ये खात्याच्या बाजूने, तर सर्वोच्च न्यायालयाने 20 जानेवारी 2012 रोजी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी दुरुस्ती केली, 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ती मागणी अमान्य केली आणि 2021 मध्ये भारताने दुरुस्ती मागे घेतली. या सगळ्या काळात कंपनीने या मागणीसाठी तरतूद केली नाही. पैसे द्यावे लागण्याची शक्यता कमी आहे असे मानून ती टिपणीत वादातील रक्कम म्हणून दाखवली. आज भारतीय लेखामानक 12 चे परिशिष्ट सी अशा प्रसंगी नियम घालून देते : करखात्याकडे सर्व माहिती आहे असे गृहीत धरूनच अंदाज करायचा.

देशोदेशींची उघड वही

2016 पासून मोठ्या बहुराष्ट्रीय समूहांना प्रत्येक देशातील उत्पन्न, नफा, कर्मचारी आणि भरलेला कर यांचा देशनिहाय अहवाल द्यावा लागतो आणि तो करखाती एकमेकांना पाठवतात. ऑक्टोबर 2021 मध्ये 130 हून अधिक देशांनी प्रत्येक देशात किमान 15 टक्के कर भरला जावा या तत्त्वाला मान्यता दिली. 75 कोटी युरोंहून अधिक उलाढालीच्या समूहांना ते लागू आहे. यातून डिफर्ड टॅक्सचा हिशेब फारच गुंतागुंतीचा झाला असता, म्हणून मे 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने त्यापुरती तात्पुरती सूट दिली, पण कर भरला असल्यास तो उघड करणे बंधनकारक केले. भारतात 1961 च्या कायद्याची जागा घेणारा आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू करण्यात आला. मागील वर्ष आणि आकारणी वर्ष ही जोडी जाऊन त्यात एकच कर वर्ष आले.

या सर्व टप्प्यांत हिशेबाच्या पद्धती बदलल्या, पण एक सूत्र कायम राहिले. कंपनीने सांगितलेला नफा तपासण्याची राज्याची क्षमता जितकी वाढली, तितकी कर टिपणी सविस्तर होत गेली. 1885 मध्ये टाँगूच्या चौकीवरील मोजणी एका दुबळ्या राज्याच्या हाती आली होती आणि ती निष्फळ ठरली. आज तशीच मोजणी करारांनी, कायद्याने आणि लेखामानकांनी बांधलेली आहे. म्हणूनच ताळेबंदामागच्या त्या पानांवर, कर किती भरला याच्या जोडीला, तो कोणत्या देशात, कोणत्या वर्षासाठी आणि कोणत्या वादासह भरला, हे भागधारकाला आणि नागरिकाला वाचता येते.